कोंड्याचा रांजण

"दोन पुरुषांचं प्रेम ही या जगातली सगळ्यांत स्वच्छ गोष्ट आहे," असं दिग्दर्शक मिझुहारा यांनी निशिगाकींच्या स्वयंपाकघरात उभं राहून जाहीर केलं, आणि पुढचं पाऊल टाकायला गेले तर त्यांचा मोजा जमिनीलाच चिकटून राहिला. सकाळी तिथे माशाचा रस्सा सांडला होता. घरातल्या इसामुने तो पुसला होता, पण या जागी कुणी मोज्यांवर उभं राहून भाषण करील या हिशेबाने पुसला नव्हता.

मिझुहारा सिनेमा काढत होते. एकमेकांच्या सोबतीने म्हातारे होत चाललेल्या दोन पुरुषांची हळुवार प्रेमकथा. त्यासाठी त्यांना जुनं लाकडी घर हवं होतं, आणि मात्सुए गावात तळ्याकाठी इसामु आणि कियोहिको राहत ते घर त्यांना पसंत पडलं. त्यात राहणारी माणसंही त्यांनी पाहिली, नाही असं नाही. पण कियोहिकोने दारातच कमरेत वाकून "हा माझा चुलतभाऊ, घराचं सगळं हाच बघतो" अशी ओळख करून दिली, आणि मिझुहारांचं तिथेच समाधान झालं.

हा चुलतभाऊ पंचवीसएक वर्षं चालत आला होता. तो टपालवाल्याला सांगून झाला होता, दातांच्या डॉक्टरला सांगून झाला होता. गल्लीत त्यावर कुणाचाच विश्वास नव्हता, पण गल्ली सभ्य होती. पाऊस भरून आला की शेजारच्या हामासाकीबाई कुंपणावरून कियोहिकोला सांगायच्या, "तुमच्या चुलतभावाच्या चड्ड्या वाळल्यात हो." 'चुलतभाऊ' म्हणताना त्या किंचित थांबायच्या.

इसामुला आयुष्याकडून आता फारसं काही नको होतं. एकदा, कुणाही परक्या माणसासमोर, मग तो गॅसचा मीटर बघायला आलेला का असेना, कियोहिकोने आपल्याला चुलतभाऊ म्हणू नये, एवढंच.

मिझुहारांनी दोघांना समोर बसवून विषय समजावून दिला. अत्यंत मायेने. तुमच्या पिढीला हे जरा जड जाईल, काका, असं म्हणाले. अशी माणसं असतात, त्यांनाही आपल्यासारखीच भूक लागते, थंडी वाजते, असंही म्हणाले. कियोहिको मान डोलावत "असं का" म्हणत राहिला. दुसऱ्यांदा "असं का" ऐकलं तेव्हा इसामु उठून चहा ठेवायला गेला.

चित्रीकरणापुरतं दोघांनी स्टेशनजवळच्या हॉटेलात राहावं असं ठरलं. इसामुला काळजी होती ती फक्त रांजणाची. भाताचा कोंडा, मीठ आणि पाणी कालवून केलेलं ते ओलं, करडं, जिवंत प्रकरण. त्यात काकडी-वांगी पुरून लोणचं करायचं. रोज ते हाताने तळापासून वरखाली करावं लागतं. नाही केलं तर ते रुसतं, आणि त्याचं रुसणं चार घरांपर्यंत पोचतं.

रांजण कियोहिकोच्या आईचा. ती याच घरात मागच्या खोलीत राहायची आणि वर्षानुवर्षं इसामुला 'ते भाडेकरू' म्हणायची. मग एका हिवाळ्यात तिने इसामुचं मनगट धरलं, हात कोंड्यात कोपरापर्यंत खुपसला, आणि म्हणाली, "तळाला हवा लागली पाहिजे." वसंतात ती गेली. लग्नाचा विधी म्हणाल तर एवढाच झाला.

तेव्हा निघताना इसामुने मिझुहारांना विनंती केली. फार अडचण होत नसेल, कामाच्या गडबडीत सहज आठवण झालीच, तर कोंडा रोज एकदा हलवला जाईल का, नाही झालं तरी मुळीच हरकत नाही, असं तो म्हणाला. याचा अर्थ, हलवला नाहीत तर जन्मात क्षमा करणार नाही. मिझुहारांनीही तितकंच वाकून "छे, अडचण कसली" म्हटलं. इतकं गुळगुळीत बोलणं कानात टिकत नाही, ते आत शिरतं आणि दुसऱ्या बाजूने घसरून जातं.

मध्ये एकदा कियोहिकोचं रक्तदाबाचं औषध न्यायला इसामु घरी आला, तेव्हा त्याने चित्रीकरण पाहिलं. उकडून सोललेल्या अंड्यांसारखे दोन नट पांढऱ्या लिननच्या कपड्यांत बसले होते. एक दुसऱ्याला स्ट्रॉबेरी भरवत होता. दुसऱ्याच्या ओठाला जे लागलं ते पहिल्याने अंगठ्याने टिपलं, आणि मग दोघांनी एकमेकांकडे इतका वेळ पाहिलं की तेवढ्यात भात शिजला असता. मे महिना होता, चेरीचा बहर कधीच ओसरलेला, म्हणून एक माणूस पंख्यासमोर धरून कागदाच्या पाकळ्या उडवत होता. कुणाच्याही पायाची नखं पिवळी नव्हती. कुणीही दातात अडकलेलं जिभेने काढत नव्हतं. इसामुला अशी किळस आली की औषध न घेताच तो बाहेर पडला आणि परत वळून यावं लागलं.

मंडळी गेल्यावर दोघं घरी आले. मोरीच्या जाळीत कागदी पाकळ्यांचा लगदा अडकला होता. रांजण मात्र नेहमीच्या थंड कोपऱ्यात नव्हता, तो खिडकीखाली उन्हात होता. तिथे तो पडद्यावर छान दिसत होता म्हणे. एका नटाने सुवासिक मलम चोपडलेला हात त्यात एकदाच घातला होता, आणि पुढे दिवसच्या दिवस कुणी झाकणही उघडलं नव्हतं.

इसामुने झाकण उचललं. वर काळसर सुरकुतलेली साय धरली होती. वास आला तो आधी रंग पातळ करायच्या तेलाचा, मग न धुतलेल्या मोज्यांचा, आणि सगळ्यांत शेवटी, अगदी हळुवार, लव्हेंडरच्या फुलांचा. इसामुला त्या शेवटच्या वासानेच उमासा आला. कियोहिको दारात उभा होता.

नेमके त्याच दुपारी मिझुहारा मिठाईचा खोका घेऊन आभार मानायला आले. नाकाशी रुमाल धरून त्यांनी सांगितलं की रांजणाचा प्रसंग सिनेमाचा प्राण झाला आहे, तो पाहून दिव्यांची माणसंसुद्धा रडली. इसामु सवयीने वाकला. आमचाच रांजण तुमच्या वाटेत आला, असं म्हणायला त्याने तोंड उघडलंही होतं.

"मिझुहारा," कियोहिको म्हणाला, "यात हात घाला."

मिझुहारा हसले. "काका, मला वासाचं जरा..."

"मलाही. इतक्या वर्षांत मी याला बोट लावलेलं नाही. घाला."

मिझुहारांनी हात घातला. साय फुटली आणि बोटांमध्ये काहीतरी सरकलं. ते एके काळी वांगं होतं. मिझुहारांचा चेहरा अशा रंगाचा झाला जो त्यांच्या सिनेमात कुठेही नव्हता.

"आता ऐका. हा रांजण माझ्या आईने याला दिला. चुलतभावाला नाही दिला, मला चुलतभाऊच नाही. माझ्या नवऱ्याला दिला."

इसामु तसाच अर्धवट वाकलेला राहिला. सरळ व्हावं की नाही हे त्याला ठरवता येईना. बाहेर हामासाकीबाईंची कपडे झटकण्याची फटफट बंद पडली होती.

मिझुहारांचे डोळे भरून आले. वासाने की शब्दांनी, देव जाणे. हात बाहेर काढून, करड्या बोटांची कॅमेऱ्यासारखी चौकट करून तिच्यातून काकांना पुन्हा नव्याने न्याहाळत, ते दबल्या आवाजात म्हणाले की सिनेमाचा शेवट आता बदलायलाच हवा; हेच वाक्य काकांनी पुन्हा एकदा म्हणावं, थोडं सावकाश, आणि जमल्यास खिडकीच्या बाजूला तोंड करून.

कियोहिकोचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने वरची काळी साय ओंजळीने काढून बादलीत टाकली, श्वास रोखून दोन्ही हात तळापर्यंत घातले आणि कोंडा उलथायला लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड वाकडं झालं होतं. तळाचा कोंडा पिवळसर निघाला, जिवंत. त्याने मान वळवून इसामुकडे पाहिलं.

"इसामु, जरा माझी बाही वर कर ना. खाली येतेय."