सतरा नंबरची जागा

घरात दोघीच बहिणी. मोठी ती ताई आणि लहान ती धाकटी. चाळिशी उलटली, कानामागचे केस पांढरे झाले, तरी धाकटी धाकटीच राहिली. तिनं लग्न केलं नाही. तळ्याकाठी तंबू ठोकून राहायची एक मोठी मोकळी जागा होती, चाळीस तंबूंची. तिथं ती पर्यवेक्षक होती. ऑफिसची एक खोली, मागे तिची राहायची खोली, समोर वाळू आणि वाळूपलीकडे पाणी. माणसं शहरातून दोन दिवस येत, तंबू लावत, शेकोटी करत, पोरं पाण्यात डुंबत आणि सगळे तिला मावशी म्हणत.

धाकटीला स्वच्छतेचं भारी वेड. सकाळी सहाला दाताळं घेऊन निघायची आणि वाळू अशी सारखी करायची की पाऊल टाकायला जीव होऊ नये. कोणी उरलेला पाव टाकला, बाटली टाकली, की तिथल्या तिथं हजेरी. "घरी पण असंच टाकता का हो?" एवढंच विचारायची. मोठमोठे बाप्ये ओशाळून वाकायचे. वरच्या कचेरीतले साहेब इतर ठिकाणच्या लोकांना तिचं उदाहरण द्यायचे आणि ते तिला आवडायचं. का आवडू नये? दुसरं काय होतं तिच्याजवळ मिरवायला?

होती ना. भिंगरी होती. ताईची मुलगी, सहा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. ताईला ती उशिरा झाली, दोन बाळं गेल्यावर. शाळेला सुट्टी लागली की ताई आणि भावोजी तिला आठवडाभर मावशीकडे सोडायचे. ती धाकटीला माऊ म्हणायची. ऑफिसात टेबलाखाली बसून शिक्के मारायची, आलेल्या पाहुण्यांना जागेचे नंबर सांगायची, आणि धाकटीनं कितीही वेळा घातल्या तरी पायातल्या चपला कुठंतरी काढून ठेवायची.

"अगं, काटा लागेल."

"वाळूत कुठं काटे असतात गं माऊ? तूच तर झाडलीस."

त्या दिवशी सतरा नंबरच्या जागेवरचं जोडपं निघायच्या तयारीत होतं. नवं लग्न झालेलं, फार गुणी. दोन दिवसांत त्यांचा आवाजसुद्धा कोणाला आला नव्हता. सकाळी त्यांनी कोळशावर चहा केला, अंडी भाजली, तंबू गुंडाळला. त्यातली मुलगी ऑफिसच्या दारात आली.

"मावशी, कोळसे अजून लाल आहेत. नळावरून पाणी आणून ओतू का?"

धाकटी जागांची वही लिहीत होती. पाणी ओतलं की राखेचा काळा चिखल व्हायचा, वाळूत पसरायचा, आणि तो डाग आठवडाभर जायचा नाही.

"पाणी नको गं बाई. राडा होतो. चार फावडी वाळू टाका वरून, झालं. मी सगळ्यांना तेच सांगते."

"विझतील ना?"

"वाळूत काय पेटणार आहे?"

त्यांनी नीट वाळू टाकली, हात जोडले आणि दहाच्या सुमाराला गेले. मग धाकटीनं स्वतः जाऊन सतरा नंबरवर दाताळं फिरवलं. जागा अशी झाली, जशी कोणी तिथं कधी आलंच नव्हतं.

एकच्या सुमाराला भिंगरी पाण्याकडे पळत निघाली. धाकटी दारातून बघत होती. पोरगी सतरा नंबरवरून आडवी गेली आणि मध्येच थांबली. पळाली नाही, पडली नाही, नुसती थांबली. मग तिचा आवाज आला.

धाकटीला वाटलं, विंचू. ती धावली, तिनं पोरीला उचललं आणि तेव्हा तिच्या स्वतःच्या चपलेच्या बाजूनं आत शिरलेली धग तिला कळली. वाळूखाली निखारे तसेच होते. वाऱ्यापासून झाकलेले, तीन तास धुमसत राहिलेले. भिंगरीचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत त्यात रुतले होते. धाकटी तिला घेऊन तशीच तळ्यात शिरली, कमरेइतक्या पाण्यात, आणि इस्पितळाची गाडी येईपर्यंत तिथंच उभी राहिली.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात भाजलेल्यांसाठी वेगळा विभाग होता. डॉक्टरीणबाईंनी भावोजींना बाजूला घेऊन सांगितलं की मांडीची कातडी काढून तळव्यांना लावावी लागेल, एकदा नाही, तीनचार वेळा, आणि पोर वाढेल तशी पुढेही. उजव्या पायाची दोन बोटं वाचणार नाहीत. मागून ताईनं हे ऐकलं आणि एकच विचारलं, "कोण होते ते?"

कचेरीतले साहेबही तेच विचारायला आले. धाकटीला कागद दिला. "जागा सोडणाऱ्यांना सूचना होती का?" असा रकाना होता. दारावरच्या फलकावर लिहिलेलं होतं, आग पूर्ण विझवूनच जागा सोडावी. धाकटीनं लिहिलं, सूचना फलकावर आहे. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. साहेबांनी त्या जोडप्याला अशा सगळ्या ठिकाणी कायमची बंदी घातली.

पाचव्या दिवशी ते दोघं इस्पितळात आले. कसं कळलं कोण जाणे. मुलीच्या हातात कापडी ससा होता. ती जिन्याजवळच उभी राहिली, पुढं यायचं धाडस होईना. त्या उभं राहण्यावरूनच ताईनं ओळखलं. गरीब स्वभावाची माझी ताई, असं धाकटी जन्मभर म्हणत आली होती. त्या ताईनं त्या मुलीला काय काय ऐकवलं! शिकलेली जनावरं म्हणाली. तुमची कूस उजवू नये म्हणाली. सगळा जिना थांबून ऐकत होता.

मुलीनं मान वर करून धाकटीकडे बघितलं. "मावशी..." म्हणाली आणि थांबली. वाट बघत राहिली.

धाकटी बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर डबा होता. तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"चल," नवरा म्हणाला. ससा बाकावर ठेवून ते गेले.

त्यानंतर धाकटीला अन्न गोड लागेना. रोज ती ताईसाठी डबा न्यायची, रोज ताई त्या दोघांना शिव्याशाप द्यायची, आणि रोज धाकटी "हं" म्हणायची. आत पट्टी बदलताना भिंगरी "माऊ, माऊ" करून ओरडायची, कारण आईपेक्षा माऊनं हात धरलेला तिला चालायचा. धाकटी आत जाऊन हात धरायची. आता सांगितलं तर हा हात कोण धरेल, असं मनाला समजवायची. आणि समजवता समजवताच तिला कळायचं की हे भिंगरीसाठी नाही, स्वतःसाठी आहे.

अकराव्या दिवशी दुपारी पोर औषधानं झोपली होती. ताई म्हणाली, "मी वकिलाशी बोलले. त्या दोघांना मी सोडत नाही."

"ताई, त्यांनी विचारलं होतं मला."

"काय?"

"पाणी ओतू का म्हणून. मीच नको म्हणाले. वाळू टाका म्हणाले. वरून दाताळंही मीच फिरवलं."

ताईनं बोटांवर दिवस मोजले. मग अगदी हळू म्हणाली, "अकरा दिवस?"

"ताई..."

"अकरा दिवस माझ्या शेजारी बसून जेवलीस?" तिचा आवाज चढलाच नाही. "चूक मी गिळली असती गं. कोणाच्याही हातून होते. माझ्या हातूनही झाली असती. पण त्या पोरीला मी जे बोलले ना, ते माझ्या तोंडून गेलंय. ते आता परत कसं घेऊ? आणि तू बसून ऐकत होतीस."

"मला भीती वाटली."

"माझी?"

"भिंगरीला मुकेन याची."

"मुकलीसच," ताई म्हणाली. उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी भावोजी बाहेर आले आणि नजर न देता म्हणाले, "उद्यापासून डबा आणू नकोस. ती म्हणते."

धाकटी दुसऱ्या दिवशी कचेरीत गेली आणि साहेबांसमोर बसून सगळं नव्यानं लिहून दिलं. तिचं पर्यवेक्षकपद गेलं. साहेबांनी तिला साध्या देखरेखीला ठेवलं, तेही जुन्या पुण्याईवर. जोडप्यावरची बंदी उठली. धाकटीनं त्यांना पत्र लिहिलं. मुलीचं दोन ओळींचं उत्तर आलं. रागाचं नव्हतं. तुम्ही तेव्हाच बोलाल असं वाटलं होतं, एवढंच होतं. ते दोघं तळ्यावर पुन्हा कधी आले नाहीत.

मग धाकटीनं दाताळं सोडलं आणि बादली घेतली. कोणाचीही शेकोटी संपत आली की ही हजर. आधी पाणी, मग काठीनं ढवळायचं, परत पाणी. वाफ थांबली की ज्यानं पेटवली त्यालाच राखेवर उलटा हात धरायला लावायची, आणि हाताला ऊब लागली नाही तरच जागा सोडू द्यायची. काळा राडा व्हायचा. होऊ दे. पोरं तिला बादलीबाई म्हणायला लागली. "बादलीबाई आल्या, चहा विझवतील!" म्हणून कोणी कप लपवायचं. तीही हसायची. हसून सांगितलेलं लोक ऐकतात, हे तिला उशिरा समजलं.

एकदा एक गृहस्थ अडून बसले. "अहो बाई, तीस वर्षं तंबूत राहतोय. वाळू टाकली की झालं."

"मीसुद्धा असंच सांगायची," धाकटी म्हणाली. मग तिनं सतरा नंबर दाखवला आणि तिथं काय झालं ते सांगितलं. कोणा परक्याची गोष्ट म्हणून नाही. मी सांगितलं, मी दाताळं फिरवलं, माझी भाची, असं. गृहस्थांची बायको उठून बादली घेऊन नळावर गेली. ते स्वतः वाळूकडे बघत राहिले. त्या उन्हाळ्यात धाकटीनं ही गोष्ट दीडशे वेळा तरी सांगितली असेल. ती कधी सोपी झाली नाही. मावशी म्हणून कोणी हाक मारली की अजूनही तिला जिन्याजवळची ती मुलगी आठवायची.

दोन वर्षांनी एका सकाळी भावोजी आले. एकटेच. वाळलेले दिसत होते. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"कशी आहे?"

"चालते. खास बूट करून घेतलेत. शाळेत जाते. पळता येत नाही म्हणून बुद्धिबळ शिकली. मला हरवते."

धाकटी हसली आणि डोळे पुसले. "आणि ताई?"

"माझी बदली झाली," भावोजी म्हणाले. "फार लांब. पुढच्या आठवड्यात निघतोय. म्हटलं, तुला सांगावं. तिला माहीत नाही मी आलोय ते."

"भिंगरी विचारते का हो माझ्याबद्दल?"

भावोजी ग्लासाकडे बघत बसले. "आधी विचारायची. रोज. तुझी ताई उत्तर द्यायची नाही. मग..." त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. "लहान आहे गं ती. लहान मुलं विसरतात."

"विचारत नाही."

"नाही."

"एकदा लांबून बघू? शाळेच्या फाटकाशी? बोलणार नाही मी."

"मला नको विचारूस गं," ते म्हणाले. "मी हो म्हणेन, आणि घरी गेल्यावर मला तोंड दाखवता येणार नाही."

तिनं नव्या घराचा पत्ता मागितला. भावोजींनी खिशातून पेन काढलं, टेबलावरचा कागद पुढं ओढला, दोन अक्षरं लिहिली आणि थांबले.

"राहू द्या," धाकटी म्हणाली. "खरंच राहू द्या."

ती त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेली. गाडी सुरू झाल्यावर भावोजींनी काच खाली केली आणि ती वाकली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलीच्या ठेवावा तसा, आणि निघून गेले.

त्या दिवशी अकरा जागांवर माणसं यायची होती, पहिली दुपारी दोनला. धाकटी ऑफिसात परतली, दार आतून लावलं आणि लोक यायच्या आत रडून घेतलं.