शांत भाग वगळा

फुकटच्या सॉफ्टवेअरला शिव्या घालायचीही सोय नसते. विकत घेतलेलं असतं तर कंपनीला फोन लावून चार शब्द सुनावले असते. आमच्या शिक्षणसंस्थेत व्हिडिओ कापायचं, आवाज साफ करायचं, वेबसाइटवर चढवायचं, सगळं ओपन सोर्स. जगाच्या पाठीवर कुठल्या तरी भल्या माणसांनी आपापली नोकरी सांभाळून लिहिलेलं. त्यांना काय बोलणार? फोरमवर प्रश्न टाकायचा आणि वाट बघायची. उत्तर येतं, 'तुमची आवृत्ती कुठली?' ती सांगितली की पुन्हा सामसूम.

वन्संच्या धड्यांपायी मी दोन महिने हेच करत होते.

वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्याच घरात राहते. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. घरी बसून शिकणाऱ्या कर्णबधिर मुलांना त्या आमच्याच संस्थेतर्फे गणित शिकवतात, हातांच्या भाषेत. घरीच फोनवर धडा रेकॉर्ड करायचा, मला पाठवायचा. पुढचं काम माझ्या स्क्रिप्टचं, म्हणजे मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामचं. ती व्हिडिओ घेते, कापते, साफ करते, वेबसाइटवर टाकते आणि सर्व्हरवर जागा कमी म्हणून मूळ फाइल पुसून टाकते. सगळं आपोआप. दोनशे प्राध्यापकी व्याख्यानं मी अशी बिनबोभाट चढवली आहेत.

वन्संचा प्रत्येक धडा मात्र मिनिटभराचा होऊन बाहेर यायचा.

'वहिनी, धडा अपुरा दिसतोय,' त्यांचा मेसेज यायचा. मी लॉग, म्हणजे स्क्रिप्टने केलेल्या कामाची नोंद, उघडायचे. लॉगमध्ये एक चूक नाही, सगळीकडे 'काम पूर्ण'. मग दोष कुणाचा? फोनचा! मी त्यांना लिहायचे, रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतंय, पुन्हा करा. त्या पुन्हा करायच्या. मग फ्रेम रेटवर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपली जातात त्यावर, संशय घेतला. नवा स्टँड घ्यायला लावला, नवा फोन घ्यायला लावला. 'पूर्ण वीस मिनिटं केलं होतं,' त्या लिहायच्या. आमचे हे, म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ, घरात म्हणायचे, "तिलाच फोन धड वापरता येत नसेल." मी मान डोलवायचे. एकेक धडा त्या माउलीने तीनतीनदा केला.

आज सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुमच्या नणंदबाईंचा वर्ग बंद करायचं चाललंय. मुलं बघतच नाहीत हो. आकडे बघा, एक मिनिटाच्या पुढे एकही मूल टिकत नाही."

"अहो साहेब, व्हिडिओच मिनिटभराचा असतो. टिकतील कुठे?"

"मग तो पूर्ण का होत नाही?"

बघते म्हणाले आणि जागेवर आले. चार वाजता त्याच विषयावर बैठक होती. त्याआधी वन्संचा सातवा धडा आला होता, त्यावर मी बसले. अंगात त्राण नव्हतं, खरं सांगते. डोळे चुरचुरत होते, चहा समोर गार झाला होता आणि बंद पडणार असेल तर पडू दे एकदाचा, असंही मनात येऊन गेलं. पण वन्संना घराबाहेर स्वतःचं म्हणावं असं हे एकच होतं. त्या वर्गात त्यांना कुणी सांभाळून घेत नव्हतं, त्याच समजावून देत होत्या.

या वेळी मी स्क्रिप्ट चालवण्याआधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवली. इतके दिवस हे का सुचलं नाही, विचारू नका. जागा वाचवायची खोड. प्रत उघडली तर अख्खी बावीस मिनिटं! फोन निर्दोष, फ्रेम रेट निर्दोष, वन्सं तर निर्दोषच. म्हणजे मिनिटं खाणारा माझ्या घरातच, माझ्या स्क्रिप्टमध्येच होता.

मग एकेक पायरी वेगळी चालवली. पहिलीनंतर बावीस मिनिटं. दुसरीनंतर बावीस. तिसरीनंतर बावन्न सेकंद. तिसऱ्या पायरीला मीच नाव दिलं होतं, 'शांत भाग वगळा'. आमचे प्राध्यापक वाक्यावाक्याला थांबतात, पाणी पितात, चष्मा शोधतात. तेवढी रिकामी जागा ती पायरी काढून टाकते. जिथे आवाज नाही, तिथे काही घडत नाही, असं तिला मीच शिकवलं होतं.

मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात वन्सं आल्याच, बैठकीसाठी. इस्त्रीची साडी, हातात फोन. मी खुर्ची ओढून दिली आणि सापडलेलं सगळं स्क्रीनवर टाइप करून सांगितलं. त्यांनी दोनदा वाचलं.

'उरलं काय मग?' त्यांनी टाइप केलं.

मी बावन्न सेकंद लावली. वन्सं खुर्ची सरकवतात. वन्सं खोकतात. मागे कुणीतरी दार आपटतं. वन्सं शिंकतात. अपूर्णांकाचा छेद समजावून सांगताना त्यांच्या घशातून एक आनंदाचा हुंकार निघतो, तेवढा. पुन्हा खुर्ची. संपलं.

त्या मोठ्याने हसल्या. शेजारच्या खोलीतला हिशेबनीस डोकावून गेला. मलाही हसू फुटलं, मनावरचा ताण उतरल्यासारखं वाटलं. मग त्या हसायच्या थांबल्या.

'मी खोकले तेवढंच मुलांनी पाहिलं?'

मी 'हो' म्हणून मान हलवली.

'वेबसाइटवर टाकल्यावर तुम्ही तपासत होतात ना?'

'प्रत्येक वेळी.'

'कसं?'

मी टेबलावरच्या हेडफोनकडे बोट दाखवलं. सवय, दुसरं काय. व्याख्यान लावायचं, हेडफोन घालायचे, नजर दुसऱ्या कामात. वन्संचे सहाही धडे मी कानांनी तपासले होते. खोकला स्वच्छ, खुर्ची स्वच्छ, खरखर नाही, पास.

वन्संनी हेडफोन उचलून पाहिले आणि जागच्या जागी ठेवले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी उठले आणि साहेबांकडे गेले. माझी चूक आहे, मुलांची नाही, वन्संची तर नाहीच, हे सगळं घडाघडा सांगितलं. साहेब माणूस वाईट नाही. म्हणाले, "बरं, बैठकीत मी थांबवतो विषय. पण सोमवारी वर अहवाल पाठवायचाय. सातही धडे पूर्ण वेबसाइटवर दिसले पाहिजेत. नाही दिसले तर माझ्याही हातात काही नाही."

"दिसतील," मी म्हटलं आणि दाराशी येईपर्यंत मला खुशीत काही आठवलंच नाही. पहिल्या सहा धड्यांच्या मूळ फाइली स्क्रिप्टने पुसल्या होत्या. वन्संच्या फोनमध्ये जागा उरत नाही म्हणून, पाठवलं की लगेच पुसा, हेही मीच बजावलं होतं.

खोलीत येऊन मी टाइप केलं. वर्ग वाचला. सातवा धडा आत्ता चढवते. पहिले सहा सोमवारपर्यंत पुन्हा करावे लागतील. एकदाच. या वेळी नक्की.

वन्संनी वाचलं. कीबोर्ड ओढून घेतला. त्यांची बोटं सुजल्यासारखी दिसत होती. का कोण जाणे, मी ती पहिल्यांदाच नीट बघत होते.

'वहिनी, मी दमले,' त्यांनी लिहिलं. 'सगळं तीन तीनदा बोलून झालंय माझं. आता नाही.'

'असं काय करता? वर्ग जाईल हो!'

'जाऊ दे.'

पर्स उचलली, पदर सारखा केला आणि त्या निघाल्या. घरी गेल्यावर बोलू, अशी आमच्यात पद्धत नव्हती. घरी त्यांच्याशी बोलतं कोण? थांबवायचं तर आत्ताच. मी खुर्ची ढकलून दारात धावले. त्या व्हरांड्याच्या टोकाला, जिन्याशी पोचल्या होत्या.

"वन्सं!" मी ओरडले. "वन्सं, थांबा ना! अहो वन्सं!"

सगळ्या खोल्यांतून माणसं बाहेर आली. साहेबसुद्धा आले. वन्सं कठड्याला धरून सावकाश जिना उतरून गेल्या.