बोरतळ्याची चौकशी

शरणबसप्पांना अनोळखी माणसाला पत्ता विचारायचीसुद्धा लाज वाटायची. लोहाऱ्याच्या वाचनालयात त्यांनी सारी नोकरी कपाटांच्या आड उभं राहून काढली होती. आता धाराशिवला मुलाकडे राहायला आल्यावरही कुणी दारावर आलं की ते आतल्या खोलीत जाऊन बसत. अशा माणसाला बायकोनं, इरम्मानं, नातीसाठी आलेल्या मुलाच्या चौकशीला पाठवलं होतं.

"तुमीच जावा," ती म्हणाली होती. "आपल्या पोराला पाठवलं तर चार लोक ओळखतील. तुमच्याकडं कुणी बघतसुदिक न्हाय."

मुलगा म्हणजे ईट गावचा उत्कर्ष. नात अर्पिता त्याला दोनदा भेटून आली होती आणि आल्या आल्या आजोबांच्या खोलीत येऊन म्हणाली होती, "अज्जा, मला पसंत आहे. तुम्ही तेवढं हो म्हणा." घरात शेवटचा होकार अज्जांचा, ही रीत. स्थळ आणणाऱ्या मंजुषामावशींनी सगळी माहिती दिली होती. आपल्याच समाजाचं, गळ्यात लिंग बांधणारं घर, वडील आणि आई तुळजाबाई शेती बघतात, मुलगा बोरतळ्याला द्राक्षाच्या कंपनीत केमिस्ट आहे. इरम्माला फक्त एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. तिचा धाकटा भाऊ दारूनं गेला होता. तेव्हापासून ती मुलाचा पगार विचारायच्या आधी त्याच्या तोंडाचा वास विचारत असे.

रविवारी सकाळच्या गाडीत शरणबसप्पा खिडकीपाशी बसले. मांडीवर पुस्तक उघडं होतं, पण वाचत ते काहीच नव्हते. चौकशीचं पहिलं वाक्य कसं सुरू करावं, हे ते मनात पुन्हा पुन्हा जुळवत होते. समोरच्या बाकावर धाराशिवच्याच कुठल्याशा बँकेतली मंडळी सहलीला निघाली होती. टोप्या, गॉगल, भडंगाची पिशवी.

"काका, तुम्हीपण टेस्टिंगला?" त्यातल्या एकानं विचारलं.

"कसलं?"

"वाइनचं हो. बोरतळ्याला दुसरं आहे काय?"

"काका छुपे रुस्तम दिसतात," दुसरा म्हणाला. "पुस्तक वरून, बेत आतून."

सगळे हसले. शरणबसप्पांनी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. द्राक्षाची कंपनी म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे बेदाण्याची शेड आली होती. फार तर रसाच्या बाटल्या. मंजुषामावशींना ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून त्या बोलल्या नव्हत्या? आणि आपण तरी का नाही विचारलं?

बोरतळे मात्र पाहत राहावं असं होतं. स्टेशनातून उतरलेली वाट थेट तेरणेच्या काठाला जात होती. बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी चिंचांच्या सावलीत हिरवं दिसत होतं. पलीकडच्या उतारावर द्राक्षाच्या ओळी पाण्यापर्यंत आलेल्या. घरांच्या भिंती पांढऱ्या रंगवून त्यावर वेली काढल्या होत्या. बँकेची मंडळी फोटो काढत पुढं गेली. शरणबसप्पा घाटाजवळच्या एका चहाच्या टपरीवर थांबले.

टपरी दगडाबाई नावाच्या थोराड बाईची होती. पहिला चहा घेताना त्यांनी विचारायचं ठरवलं. विचारलं नाही. दुसरा मागवला.

"तिसरा बी टाकू का?" दगडाबाई म्हणाली. "का कुनाची वाट बगताय?"

"नाही. म्हणजे... इथं उत्कर्ष म्हणून एक मुलगा आहे का? कंपनीत?"

"उत्कर्षदादा व्हय? लई गुणाचं पोरगं. आमच्या सुनेला त्यानंच कामाला लावलं." तिनं गाळणी झटकली. "निस्तं तोंडात घेतलं की सांगतंय, कुठल्या टाकीतली हाय. सकाळधरनं तोंडात वाइनच असती बगा त्येच्या. तुमी कोण त्येचे?"

"कुणी नाही," शरणबसप्पा म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले.

कंपनीच्या आवारात जायचं धैर्य त्यांच्यात आलं ते भीतीमुळेच. दगडी इमारतीच्या एका बाजूला लांब व्हरांडा होता आणि व्हरांड्यातून काचेपलीकडची खोली दिसत होती. आत पांढरा कोट घातलेला मुलगा एकटाच उभा होता. मंजुषामावशींनी दाखवलेल्या फोटोतला तोच चेहरा, तीच जाड भुवई. त्यानं टाकीच्या तोटीतून पेल्यात लाल वाइन घेतली, उजेडाकडे धरली, हुंगली आणि डोळे मिटून मोठा घोट तोंडात घेतला. त्याचे गाल हलत होते. चेहऱ्यावर असं समाधान होतं की शरणबसप्पांना पुढं पाहवेना. त्यांनी तोंड फिरवलं आणि तिथून जवळजवळ पळतच नदीवर आले.

आयुष्यात त्यांना कशाचीच खात्री वाटली नव्हती. वाचनालयात दिलेलं पुस्तक परत आलं तरी ते दोनदा तपासत. आज मात्र त्यांनी एका क्षणात फोन काढला.

"पितो," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

पलीकडे इरम्मानं श्वास आत घेतल्याचा आवाज आला. "बरं झालं गेलात," ती म्हणाली. "आता तुमी काय बी बोलू नका कुणाशी. मी बगते." आणि फोन ठेवला.

अर्पिताला काय सांगायचं? ते पायरीवर बसून पाण्याकडे बघत राहिले. परतीची गाडी संध्याकाळची होती, जायला जागा नव्हती. इतक्यात बँकेची मंडळी कंपनीच्या वाटाड्या मुलीबरोबर तिथून निघाली आणि मघाचा तो गॉगलवाला ओरडला, "ओ काका, आता आलाच आहात तर चला की. आम्ही घरी सांगत नाही." त्या मुलीनं, "आजोबा, या ना," म्हणत त्यांचा हातच धरला. नको म्हणायला जी ताकद लागते ती त्यांच्यात उरली नव्हती.

तिनं सगळ्यांना त्याच खोलीत नेलं.

"हे आमचे उत्कर्ष सर. कुठली वाइन बाटलीत जाईल आणि कुठली नाही, हे सर ठरवतात."

उत्कर्षनं हसून नमस्कार केला. मग पेला घेतला, मघासारखाच घोट घेतला, गाल हलवले, आणि बाजूला ठेवलेल्या स्टीलच्या बादलीत सगळं थुंकून टाकलं. पाण्यानं चूळ भरली, तीही थुंकली.

"अहो, वाया घालवता की," गॉगलवाला म्हणाला.

"दिवसाला तीस-चाळीस टाक्या चाखायच्या असतात," उत्कर्ष म्हणाला. "गिळायला लागलो तर जेवणाच्या सुट्टीत तुम्हीच मला उचलून न्याल. सगळीकडं हीच पद्धत आहे, साहेब. जिभेला कळलं की काम झालं."

"म्हणजे तुम्ही कधीच पीत नाही?"

"नाही." त्यानं कोटाच्या गळ्यातून लिंगाची चांदीची छोटी डबी वर काढून दाखवली आणि पुन्हा आत सरकवली. "हे बांधलंय ना."

शरणबसप्पा मंडळींतून वाट काढत व्हरांड्यात आले आणि फोन लावला.

"इरम्मा, थांब. काही सांगू नको कुणाला."

"सांगून झालं की. मंजुषामावशीला लगेच फोन केला. पत्रिका जुळत न्हाय म्हणून सांगितलं."

नकार देण्याची ही त्यांच्याकडची पद्धत. खरं कारण कुणी तोंडावर बोलत नाही. पत्रिका जुळत नाही म्हटलं की समोरचा समजून घेतो, पुढं काही विचारत नाही आणि दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नकार्यांना जायला मोकळी राहतात. शब्द एकदा गेला की मागं घेता येत नाही. ग्रह काय दुपारनंतर बदलतात?

"इरम्मा," शरणबसप्पा हळूच म्हणाले, "त्यांनी पत्रिका दिली कुठं होती? त्यांच्या घरी पत्रिका बघतच नाहीत. आपण बघितली होती का?"

"माझ्या तोंडाला सवय पडलीय हो," इरम्मा म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक त्यांनी कधी ऐकला नव्हता. "आता काय करायचं?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आत काचेचं दार उघडलं आणि उत्कर्ष फोन कानाला लावून व्हरांड्यात आला. त्यांच्यापासून चार हातांवर तो पाठ करून उभा राहिला.

"कसली पत्रिका, आई? आपण दिलीच कुठं? ... मला काय माहीत. ... अगं अर्पिता असं करणार नाही. ... नको, तू रडू नको आधी."

शरणबसप्पांना कुणी ओळखत नव्हतं. वाट मोकळी होती. स्टेशनवर जाऊन बसलं असतं तर कुणालाच कधी कळलं नसतं. कसं झालं ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण त्यांनी आपला फोन खिशात टाकला आणि उत्कर्षच्या खांद्याला हात लावला.

"मी अर्पिताचा आजोबा," ते म्हणाले. "माझ्यामुळं झालं हे. मघाशी तुम्हाला पेला तोंडाला लावताना पाहिलं आणि पुढचं पाहायला थांबलो नाही."

उत्कर्षनं फोन कानापासून खाली घेतला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, मग एकदम चढला.

"मला विचारायचं ना, अज्जा."

"ते जमत नाही मला."

मग त्यानं फोन त्यांच्यापुढं धरला. "पत्रिकेचं काही नव्हतं, एवढं आईला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, मी तुमची बाजू सांभाळतोय."

शरणबसप्पांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "नमस्कार, तुळजाबाई. पत्रिकेचं काही नाही. ती आम्ही बघितलीच नाही. चूक माझी. तुमच्या मुलाला वाइनचा पेला तोंडाला लावताना बघितलं, आणि मला वाटलं..."

"कशाचा पेला?" तुळजाबाई म्हणाल्या.

शरणबसप्पांनी उत्कर्षकडे पाहिलं. उत्कर्षनं डोळे मिटून घेतले होते.

"त्यो बेदाण्याच्या कंपनीत हाय," तुळजाबाई म्हणाल्या. आता त्या रडत नव्हत्या. "तीन वर्षं झाली. कशाचा पेला म्हणालात तुमी?"

शब्द परत घेता येतील असा कुठलाच रस्ता शरणबसप्पांना दिसेना. एकाच दुपारी त्यांनी आधी नातीचं लग्न मोडलं होतं, आता एका आईच्या घरात आग लावली होती. पण एक गोष्ट त्यांनी खरोखरच पाहिली होती, या वेळी शेवटपर्यंत, आणि ती सोडून त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

"कंपनी वाइनची आहे," ते म्हणाले. "तुमचा मुलगा चव बघतो. पण गिळत नाही. थुंकून टाकतो आणि चूळ भरतो. मी स्वतः बघितलं. गळ्यातलं लिंग त्यानं सगळ्यांसमोर काढून दाखवलं."

"तुमी आत्ताच म्हणालात, पेला तोंडाला लावला म्हणून."

"तेव्हा अर्धं बघितलं होतं."

"आन् आता पुरं बघितलं?"

"पुरं."

"मग तुमची नात देताय का त्याला?"

शरणबसप्पांना वाटलं होतं, आपण माफी मागतोय. बाई त्यांना जामीन राहायला सांगत होत्या.

"नात देत असाल तर तुमचं खरं धरते," तुळजाबाई म्हणाल्या. "देत नसाल तर तुमी बी माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून बोलताय."

आतून बँकेच्या मंडळींच्या पेल्यांचा आवाज येत होता. कुणीतरी थुंकायचा प्रयत्न करून ठसकलं आणि बाकीचे हसले.

"देतो," शरणबसप्पा म्हणाले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

"फोनवर नको. इथं या. त्याला घेऊन या. त्याच्या बापासमोर बसून सांगा, काय बघितलं ते."

फोन बंद झाला. उत्कर्ष व्हरांड्याच्या कठड्यावर बसला होता.

"तीन वर्षं मी रोज ठरवत होतो, ह्या सुट्टीला घरी गेलो की सांगीन," तो म्हणाला. "तुम्ही दोन मिनिटांत सांगून टाकलंत."

"चुकलंच माझं."

"काय माहीत." त्यानं कोट काढून घडी घातला. "गाडीवर बसता येईल ना? येरमाळ्यावरनं जाऊ. दीड-दोन तास लागतील. वारं लई असतं, कान बांधून घ्या."

शरणबसप्पा शेवटचं मोटारसायकलवर कधी बसले होते ते त्यांना आठवेना. त्यांनी उपरणं कानावरून गुंडाळलं आणि इरम्माला फोन लावला.

"जेवायला वाट बघू नको. मी ईटला निघालोय."

"ईटला? कुणाकडं?"

"उत्कर्षच्या घरी."

"तिथं काय सांगणार हो तुमी?" इरम्मानं घाबरून विचारलं. "चार माणसांत तुमाला बोलता तरी येतं का?"

उत्कर्षनं गाडी सुरू केली होती. शरणबसप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय पलीकडे टाकला.

"न्हाय येत," ते म्हणाले, "पण बघितलंय फक्त मी."