अर्धी कॉफी, अर्धा टाकळा

मित्रांनो, मी कॉफी दळायची एक जुनी हातचक्की आहे. घसा लोखंडी, दांडा पितळी आणि खाली पूड पडायला लाकडी खण. वय झालं की माणसं निवळतात म्हणे. मी काही निवळलेली नाही. माझा राग अजून माझ्या दात्यांत आहे आणि तो सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझं पहिलं घर माटुंग्याच्या एका मद्रासी कुटुंबाचं. तिथे वरकाम करणाऱ्या सीतारामला कॉफीची चटक लागली. पुढे तो गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, लागला, तेव्हा मालकिणीने मला त्याच्या हाती दिलं. करी रोडच्या त्या चाळीत सगळे चहावाले. माझी घरघर ऐकायला दाराशी पोरं जमायची आणि मी तोऱ्यात फिरायचे.

मग सीतारामला मोठा ताप आला. ताप गेला, पण छातीतली धडधड राहिली. डॉक्टरांनी कॉफी बंद करायला सांगितली. सीतारामने मान डोलावली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा माझ्या दांड्याला हात घातला. त्याची बायको मालन भांडली नाही. तिने कोकणातल्या माहेराहून टाकळ्याच्या बिया मागवल्या. पावसात रानोमाळ उगवतो आणि आपण ज्याची भाजी करतो, तोच टाकळा. त्या बिया तव्यावर काळ्या होईतो भाजायच्या, तेवढ्याच कॉफीच्या घ्यायच्या आणि दोन्ही माझ्या घशात एकत्र. पूड पाण्यात उकळली की पातेलं झाकून गाळ बसू द्यायचा, मग फडक्यातून गाळून दूध, साखर आणि चिमूटभर जायफळ. टाकळा मोठा चिवट, माझे दाते दुखून यायचे. पण वास कॉफीचा, रंग कॉफीचा आणि छातीला जाच निम्मा. सीतारामची धडधड हळूहळू बसली.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे होते. मुंबईला द्विभाषिक राज्यात कोंबलं होतं आणि सारं गिरणगाव खवळलं होतं. सीतारामचा एकच ध्यास होता. राज्य मिळालं की त्या दिवशी करी रोडहून शिवाजी पार्कपर्यंत गुलाल उधळत पायी जायचं.

एकदा चाळसमितीची बैठक आमच्या खोलीत भरली. मालनने सगळ्यांना कॉफी दिली. समितीचा पुढारी बुधाजी, आवाज मोठा आणि अक्कल बेताची. घोट घेऊन म्हणाला, "वैनी, हे काय पाजताय?"

"अर्धी कॉफी, अर्धो टाकळो," मालनने सरळ सांगितलं. "ह्यांच्या छातीक बरी."

"घ्या! आपण बाहेर द्विभाषिक मोडायला निघालोय, आणि सीतारामाच्या घरात द्विभाषिक कॉफी."

सगळी खोली हसली. सीतारामने मान खाली घातली. मग म्हणाला, "उद्यापासून या घरात मिसळ नाय. राज्य मिळेपर्यंत चोख कॉफी."

"डॉक्टरान काय सांगितल्यान, इसारलात?"

"चार माणसांत बोलतेस?" एवढंच तो म्हणाला.

माणसं कशाकशाच्या शपथा घेतात! राज्याचा आणि टाकळ्याचा संबंध काय? पण मला घसा आहे, जीभ नाही. तो चोख बिया ओतायचा आणि मी दातओठ खाऊन दळायचे. मोर्च्याला जाताना कडक कॉफी, आल्यावर पुन्हा कडक कॉफी. धडधड परत सुरू झाली, ती त्याने कुणाला सांगितली नाही. शेवटी एका मोर्च्यात परळच्या नाक्यावर तो छाती धरून खाली बसला. जीव वाचला, पण साचा कायमचा सुटला. डॉक्टरांनी जिना उतरायलाही मनाई केली. मालनने घर चालवायला खानावळ घातली.

आणि दोष कुणाला? मला! "ही अवदसा माळ्यावर टाका वैनी," असं बुधाजीच म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. माळ्यावर मी गंजत पडले.

राज्य झालं त्या दिवशी अख्खी चाळ शिवाजी पार्कला गेली. सीताराम गॅलरीत बसून जाणाऱ्यांच्या पाठी बघत राहिला. मग म्हणाला, "मालन, तुझी ती कॉफी कर गो."

तिने मला खाली काढलं, राखेने घासलं, तेल दिलं. घशात पुन्हा टाकळा पडला. कॉफी होते आहे तोवर गुलालाने माखलेला बुधाजी पेढे घेऊन आला. "सीतारामा, आज तू हवा होतास रे," म्हणाला. मालनने त्याच्यापुढेही कप ठेवला. त्याने तो संपवला आणि तोंड पुसलं.

"चांगली लागते की, वैनी."

चांगली लागते की! हेच त्या बैठकीत म्हणाला असता, तर सीताराम आज त्याच्या बरोबरीने चालला असता. मालनने रिकामा कप उचलला आणि मोरीत ठेवला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, हे मी सांगणारच. पण त्याआधी एक ऐका. कुणी काळजीने काही करून पुढे ठेवलं, तर चार माणसांत त्याची थट्टा करू नका. आणि कुणी थट्टा केलीच, तर आपल्या माणसाची बाजू सोडू नका. माझा गंज राखेने निघाला. सीताराम अजून गॅलरीतच बसतो.