विहिरीत टाकलेला कूलर

मी एक जुना कूलर आहे. मित्रांनो, कूलर म्हटला की तो खिडकीत असायला हवा, नाही का? मी मात्र प्रतापनगरातल्या एका पायऱ्यांच्या विहिरीत पडलो आहे. खालच्या पायरीवर तिरपा अडकलो आहे आणि माझे निम्मे अंग पाण्यात आहे. शेजारी फुटकी मडकी, भुलाबाईचे मखर आणि कुणाच्या तरी लग्नातल्या पत्रावळी आहेत. मला इथे चोराने टाकले नाही. ज्यांनी मला हार घातला, त्यांनीच उचलून टाकले. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म १९६४ सालचा. तेव्हा मला घडवणारे मनोहरराव सीताबर्डीवर मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला होते. त्या काळी उन्हाळ्यात कचेऱ्यांच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावत आणि एक माणूस दिवसभर त्यांच्यावर पाणी मारत बसे. बाकीचे आत गार आणि तो बाहेर उन्हात! मनोहररावांना ते बघवत नसे. त्यांनी पत्र्याची पेटी केली, तिला ताट्या लावल्या, आत पंखा बसवला आणि तळातले पाणी पुन्हा वर चढवणारा मुठीएवढा पंप स्वतःच्या हाताने घडवला. तो पंप हीच त्यांची करामत. तसा पंप बाजारात कुठे मिळत नव्हता.

"हे डबडं घरात ठेवून राहिले काय तुम्ही? लोक हसतील ना!" त्यांची बायको गोपिकाबाई म्हणाल्या.

मनोहररावांनी बटण दाबले. मी जरा खडखडलो, मग वाळ्याचा वास खोलीभर पसरला. गोपिकाबाईंनी चटई ओढली आणि माझ्यासमोर अशा झोपल्या की संध्याकाळी उठल्या. त्याहून मोठे प्रशस्तिपत्र मला पुढे कधी मिळाले नाही.

पुढे शेड झाली, शेडचा कारखाना झाला. माझी भावंडे अकोल्याला, रायपूरला, जबलपूरला गेली. नोकरी करणारे मनोहरराव आता 'साहेब' झाले. आणि तिथेच घोटाळा झाला, मित्रांनो. टाकीतले पाणी दुपारपर्यंत कोमट होते, अशी गिऱ्हाइकांची कुरकुर होती. विहिरीचे पाणी मात्र नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतही, गार असते. मनोहररावांनी टाकीच काढून टाकली. मोटार लावून विहिरीचे पाणी ताटीवर सोडायचे आणि खालून सरळ नालीत! याला ते 'चालत्या पाण्याचा कूलर' म्हणत. लोकांनी तो अक्षरशः उचलून नेला. मी घरचाच होतो, पण त्यांनी माझ्याही तळाला भोक पाडले. ज्या पंपासाठी मी जन्मलो, तो काढून फळीवर ठेवला. हुशार माणूस चूक करतो तीही हुशारीनेच!

आमच्या ले-आउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, या विहिरीत नळ्याच नळ्या लोंबू लागल्या. घरोघर गारवा आणि नालीला पूर. कुणाला काय त्याचे! त्या विहिरीवर मीराबाई पाणी भरत. लहानपणी गावच्या विहिरीची पायरीसुद्धा त्यांना चढू दिली नव्हती. छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढे त्या इथे राहायला आल्या. ही अशी पहिली विहीर, जिच्यावर त्यांना कुणी नाव-गाव विचारले नाही. म्हणून त्या घागर भरण्याआधी विहिरीचा काठ धुऊन घेत.

एका नवतप्यात मीराबाई बादली घेऊन मनोहररावांच्या पडवीत आल्या. बादली त्यांनी माझ्यासमोर ठेवली. आत गाळ होता.

"साहेब, तुमच्या कूलरची हवा लय थंड हाये," त्या म्हणाल्या. "माह्या घरी मात्र प्याले पाणी नाही. काहून बरं?"

मनोहरराव चप्पल न घालताच त्या उन्हात विहिरीपर्यंत गेले आणि आत बघून आले. परत आल्यावर त्यांनी माझ्या तळाचे भोक झाळून बुजवले आणि फळीवरचा पंप पुन्हा बसवला. दुसऱ्या दिवशी ऐन हंगामात चालत्या पाण्याचे कूलर बंद! दुकानदारांनी आरडाओरडा केला, नातेवाइकांनी डोक्याला हात लावले. पुढे तर त्यांनी कारखानाच विकला आणि तो पैसा विहिरी उपसण्यात आणि झाडे लावण्यात घातला.

"कूलरवाला आता आम्हाले पाणी शिकवून राहिला!" म्हणून लोक हसले. हसणाऱ्यांच्या खिडक्यांत त्यांचेच कूलर गरगरत होते, बरे का! मनोहरराव मात्र स्वतः कंबरेला दोर बांधून या विहिरीत उतरले आणि मजुरांच्या बरोबरीने गाळाची घमेली वर दिली. विहिरीला पुन्हा पाणी लागले. मग काय, हसणारेच हार घेऊन धावले. पेपरात फोटो आला, 'पर्यावरणभूषण' अशी पदवी मिळाली. मला हार घालून वाचनालयात मांडले आणि वर पाटी लावली, 'पर्यावरणभूषणांचा पहिला कूलर'. मला ते नाव पाठ झाले, कारण दुसरे काही करायला नव्हतेच.

नंतर घरोघर नळ आले आणि विहिरीची गरज संपली. म्हणजे ज्यांच्याकडे नळ धडपणे येत होता त्यांची संपली. मीराबाईंच्या गल्लीत नळ नुसता सूं सूं करायचा. मनोहरराव तोवर मौद्याच्या रस्त्यावर रोपवाटिकेत राहायला गेले होते. गुडघे दुखत, इकडे येणे कमी झाले. त्यांची पाठ वळल्याबरोबर लोकांनी विहिरीत कचरा टाकायला सुरुवात केली. एका दिवाळीला वाचनालयाची साफसफाई निघाली. समितीचे अध्यक्ष महादेवराव म्हणाले, "या डबड्यानं जागा अडवून ठेवली गा!" आणि मी धडधडत इथे येऊन पडलो.

पण माझे सोडा. १९८४च्या उन्हाळ्यात याच महादेवरावांना मनोहररावांचा सत्कार करायची हुक्की आली. त्यांच्या नावाने पर्यावरण सभागृह बांधायचे ठरले. आणि जागा कुठली निवडली? ही विहीर! पर्यावरणासाठी विहीर बुजवायची! हे ऐकून माझ्या गंजलेल्या पत्र्यालाही झिणझिण्या आल्या. काठावर मुरमाचे ट्रक आले, मंडप उभा राहिला, कोनशिला आली. मनोहररावांना कुणी जागा सांगितलीच नव्हती.

ते आले. अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. मग त्यांचे लक्ष ट्रककडे गेले आणि ट्रकवरून विहिरीकडे. ते शालीसकट उठले, दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी उतरले आणि खाली येऊन माझ्यावर बसले. इतक्या वर्षांनी त्यांचा हात माझ्या पत्र्यावरून फिरला. त्यांनी मला ओळखले, मित्रांनो.

"साहेब, काय करून राहिले हे? वर या न!" महादेवराव ओरडले.

"सत्कारच करायचा आहे न माझा? करा. टाका मुरूम."

"विहीर मेली साहेब. पाणी नाही तिच्यात, नुसती घाण आहे."

तेवढ्यात गर्दीतून मीराबाई निघाल्या. केस पांढरे झाले होते, बादली तीच. त्या खाली आल्या, हाताने पत्रावळी बाजूला सारल्या, झऱ्याच्या कोपऱ्यातून बादली भरली आणि वर नेऊन महादेवरावांच्या पायाशी ठेवली. त्या पाण्यातून बादलीचा तळ दिसत होता.

"मेल्या विहिरीचं पाणी असं रायते काय गा? रोज भरतो आम्ही. तुम्ही ही बुजवा अन् आम्ही काय तुमचं भाषण प्यावं?"

महादेवराव इकडेतिकडे बघू लागले. ट्रकवाल्याने मात्र ओंजळभर पाणी घेतले, तोंडावर मारले, उरलेले प्याला आणि गाडीत चढून म्हणाला, "मी नाही टाकत बाप्पा." मुरूम तसाच परत गेला.

मित्रांनो, मला पुन्हा वाचनालयात मांडू नका. भंगारात द्या, माझी हरकत नाही. पण आधी मला इथून बाहेर काढा, कारण मी झऱ्याच्या वाटेत पडलो आहे. विहिरीत काही टाकताना कुणी दिसला, तर तो कितीही मोठा असो, त्याचा हात धरा. आणि कुणा भल्या माणसाचा मान राखायचा असेल, तर त्याने जे राखले ते राखा. नुसत्या पाट्या लावू नका.

ती कोनशिला अजून इथेच आहे. मीराबाईंनी ती काठावर पालथी घातली आहे. मनोहरराव आले की तिच्यावर बसतात आणि एरवी मीराबाई तिच्यावर घागर टेकवतात.