पावसाची खबर

कॉफीच्या मातीच्या चंबूच्या तोंडात खोचलेला काथ्याचा बोळा सैल झाला होता. गाळ वाटीत उतरेल, असं वाटून ओहाजने तो बोटाने दाबला. मागे, बंद दाराआड, खार्तूम आणि कैरो, दोन्ही सरकारांची माणसं सीमेबद्दल अजून बोलत होती. इंग्रजांनी नकाशावर आधी एक सरळ रेघ ओढली, मग आम्हा बिशारी लोकांचे उंट कुठे चरतात ते पाहून दुसरी, वाकडी. आणि त्या दोन रेघांमध्ये समुद्रालगत जो त्रिकोण उरला त्यात आमच्या विहिरी, आमची थडगी...

खार्तूमच्या बाजूचा जाणकार म्हणून तो आला होता तो करारातल्या एका कलमासाठी. जमीन कुणाचीही ठरो, उंटवाल्यांना दोन्हीकडच्या विहिरी मोकळ्या राहाव्यात. त्याची मुलगी बल्गिस तान्ह्या पोराला घेऊन आत्ता उत्तरेच्या, कैरोची चौकी असलेल्या विहिरीवर होती. आज सकाळी ते कलम खोडलं गेलं.

"तुमचेच लोक आमच्या चौकीत नावं लिहून पाणी भरतात," कैरोचा अधिकारी म्हणाला होता, "जमीन कुणाची ते त्यांनीच ठरवलंय. मग कलम कशाला?"

त्याला हे कुणी सांगितलं? अद्रोबने. आणि अद्रोबला? — मीच. काल, याच पायरीवर. चुलतभाऊ कैरोच्या बाजूने आला म्हणून काय झालं, बिशारी माणूस भेटला की आधी खबर — पाऊस, चारा, विहिरी, कोण गेलं, कोण जन्मलं, काही न गाळता. ओहाजने शाळेत आयुष्यभर हेच शिकवलं होतं. मुलांना वाळूत बसवून, एकाला पाहुणा करून, एकाला यजमान. कुणी एखादी विहीर सांगायला विसरलं तर तो रागवायचा नाही, फक्त विचारायचा, "मग आता पाहुण्याचा उंट कुठे मरेल, सांग बघू?" मग ते मूल खबर पहिल्यापासून पुन्हा सांगायचं...

"ओहाजकाका, तुम्हाला जाणकार म्हणून आणलं होतं की रेडिओ म्हणून?" खार्तूमच्याच बाजूचा तरुण सचिव मघाशी जाता जाता म्हणाला होता. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

दार उघडलं. अद्रोब येऊन शेजारी टेकला.

"रुसलास?"

"नाही."

"त्यांनी विचारलं रे. विचारल्यावर खबर लपवू? तू लपवली असतीस?"

ओहाजने त्याची वाटी भरली.

"कॉफीत आलं कमी पडलंय. म्हातारा झालास," अद्रोब म्हणाला. "बरं, सांग. काय खबर?"

बल्गिसचा फोन येऊन गेला होता. चौकीवर आता कैरोचे कागद मागतायत, बाबा. पण वरच्या खोऱ्यात पाऊस झालाय, आम्ही गुपचूप तिकडे वळतोय. आणि अद्रोबच्या गाभण सांडण्या खाली, करपलेल्या माळावर होत्या — त्यानेच काल सांगितलं होतं, काही न गाळता. आज त्याला सांगावं, तर उद्या कुणी त्याला विचारणारच, आणि त्या खोऱ्यातही चौकी बसेल. न सांगावं, तर...

"काही नाही," ओहाज म्हणाला. "सगळीकडे कोरडंच."

अद्रोबने मान हलवली. संशयाने पाहिलंसुद्धा नाही. बिशारी माणसाने सांगितलेली खबर. त्यात पाहायचं काय? तो वाटीवर हळूच फुंकर घालत राहिला, आणि ओहाजच्या आत कुणीतरी न रागावता, अगदी शांतपणे विचारत होतं — मग आता पाहुण्याचा उंट कुठे मरेल, सांग बघू?