ताबा मिळेपर्यंतचा कडकनाथ

मित्रांनो, येत्या रविवारी मला कापणार हे नक्की झालं आहे. असं काहीही ठरलेलं नाही असं समजून मी पुढे सांगतो.

मी एक जुना कडकनाथ कोंबडा आहे. आमचं मूळ झाबुआकडचं. भिल्लांच्या अंगणात आमची जात वाढली. तुरा काळा, जीभ काळी, कातडी काळी, हाडंसुद्धा काळी. आमच्या कोंबड्या अंड्यांवर नीट बसत नाहीत. म्हणून मला एका परक्या गावठी कोंबडीने उबवलं. डोळे उघडले तेव्हा समोर तांबडी आई होती. तिने मला बघून मान फिरवली. तिकडे झाबुआत आम्हाला देवीला वाहत. मी तिथून निसटून मुलुंडला आलो आणि स्वतःला हुशार समजू लागलो.

मला आणलं चंद्रप्रकाशने. त्याची जुनी चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा होता, आणि तोवर घरचे तिघं भाड्याच्या खोलीत राहत. त्याने गावच्या राखणदार देवाला नवस केला होता : नव्या घराचा ताबा मिळाला की काळा कोंबडा देईन. साध्या काळ्या कोंबड्यात एखादं तांबूस पीस निघतंच. देवाशी वाद नको म्हणून त्याने मला निवडलं. गावच्या मानकऱ्याला, सहदेवला, फोनही केला.

"काळो म्हंजे कितको काळो?" सहदेवने विचारलं.

"भायरसून, आतसून, हाडांपर्यंत."

"मगे राती देवाक दिसतलो कसो?"

"बॅटरी धरूया."

मित्रांनो, एवढ्या प्राचीन जातीचं कौतुक तिथेच संपलं.

नवस चिमूटभर होता, बांधकाम मात्र वर्षानुवर्षं चाललं. नवा स्लॅब भरला की मला बाजरी मिळे. काम थांबलं की शिळा भात. आणि मला शिळा भातच गोड लागे. बिल्डरने नवी तारीख दिली की घरात कुणी जेवत नसे, मी मात्र छाती काढून आरवत असे.

"मेल्याक आनंद कसलो झालो?" चंद्रप्रकाशची बायको सुलक्षणा पोळपाट आपटून म्हणे.

काय सांगणार? सगळी चाळ ज्या माणसाला शिव्या घालत होती, तो माझा एकटा तारणहार होता. त्याने मन लावून काम केलं असतं तर मी पिल्लूपणीच गेलो असतो.

त्या घरात माझं म्हणावं असं माणूस एकच, त्यांची मुलगी निधी. ती जिन्याखाली माझ्या टोपलीपाशी अभ्यासाला बसे, कारण खोलीत पाय पसरायला जागा नव्हती. इतिहास मला वाचून दाखवी. डब्यातली पोळी अर्धी मला देई. "तू किती हॅण्डसम आहेस रे," म्हणे. हे मला आजवर दुसऱ्या कुणी म्हटलेलं नाही. बाकीचे मला बघून लोह आणि प्रथिनांबद्दल बोलत.

मग गेल्या आठवड्यात वाट लागली. ओसी आली, म्हणजे नव्या इमारतीत राहायला जायचा सरकारी दाखला. पेढे वाटले. चंद्रप्रकाशने माझ्या पाठीवरून हात फिरवला, पहिल्यांदाच.

निधी आडवी आली. "पप्पा, नारळ द्या ना. याला नको."

"देवाला शब्द दिलाय गं."

"बिल्डरनेपण दिला होता की!"

मित्रांनो, त्या क्षणी मी मरेपर्यंत निधीचा होतो.

दुसऱ्या दिवशी ते तिला नवं घर दाखवायला घेऊन गेले. खिडकीशेजारची एक खोली फक्त तिची. दाराला आतून कडी. ती परत आली तेव्हा पडद्यांच्या रंगाबद्दल बोलत होती. निळा की पिस्ता, यावर आईशी तिचं भांडणही झालं. जिन्याखाली ती आली, पोळी ठेवली, आणि माझ्याकडे न बघता वर गेली.

मी तिच्यावर रागावलेलो नाही. पाय पसरायला कुणाला नको असतं? प्राण्यांवर प्रेम करा, असं मी तुम्हाला शेवटी सांगणार होतो. पण निधीने केलं होतं.

सबब, संबंधित अधिकाऱ्यांना नम्र विनंती की, सदर इमारतीची ओसी पुनर्विचारार्थ तातडीने परत मागवावी. लिफ्टमध्ये दोष काढावा. दोष न सापडल्यास जिन्यात काढावा. जिनाही ठीक असल्यास नेहमीप्रमाणे पुढची तारीख द्यावी. अर्जदाराचे दोन्ही पाय सुतळीने बांधलेले असल्याने सही करता आलेली नाही, त्याबद्दल क्षमस्व. उत्तर शनिवारपर्यंत मिळाल्यास उपयोग होईल.